चष्मेवाल्यांचा आंधळा मासा

बिबवेवाडीतल्या आमच्या जुन्या सोसायटीच्या विहिरीत एक आंधळा मासा होता. मी तो पाहिला आहे. प्लास्टिकच्या मगात, लख्ख उन्हात, डोळ्यांवर चष्मा असताना. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांनी मला भरसभेत विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "काही नव्हतं."

ते म्हणजे चष्मेवाले. नाव लिहीत नाही. त्यांचं बाकी बरंच काही मी घालवलं, नाव तेवढं त्यांच्याकडे राहू दे.

लक्ष्मी रोडच्या एका बोळात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे गिऱ्हाईक तपासून परत पाठवण्याची जागा. एखाद्याने फ्रेम घालून आरशात बघत विचारलं, "कशी दिसते?" तर हे म्हणत, "फ्रेम उत्तम दिसते. चेहऱ्याची जबाबदारी दुकानाची नाही." कुणी किंमत कमी करा म्हणालं, तर "एका काचेची करतो. दुसऱ्या डोळ्याने महागाई बघा." एका बाईंनी नवऱ्यासाठी जरा स्टायलिश काहीतरी मागितलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि काउंटरवरच्या फ्रेमा एकेक करून परत खणात ठेवल्या. तरी दुकान चाललं. कारण नंबर ते चुकवत नसत. पुण्यात माणूस अपमान सहन करतो, पण डोकेदुखी नाही.

मी अमरावतीकडचा. नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा त्यांच्या तळमजल्यावरच्या घरातली एक खोली भाड्याने मिळते असं कळलं म्हणून दुकानात गेलो. त्यांनी नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. खुर्चीवर बसवलं आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. मी भराभर वाचला. शेवटची ओळ धूसर होती, ती ठोकून दिली.

"शेवटची ओळ दिसली?"

"हो."

"चार अक्षरं सांगितलीत, चारही चूक. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणावं. अंदाजाने वाचू नये. पुन्हा वाचा."

पुन्हा वाचली. शेवटच्या ओळीला आलो आणि म्हणालो, "नाही दिसत."

"या. खोली तुमची. चष्माही लागणार आहे, तो वेगळा."

खरं बोललो म्हणून मला खोली मिळाली. पुण्यात एवढ्यावर खोली मिळालेला मी बहुधा एकटाच.

राहायला गेलो त्या दिवशी मी त्यांना काका म्हणालो. ते म्हणाले, "आपल्या वडिलांना भाऊ किती, ते मला माहीत नाही, पण मी त्यातला नाही." मग मी सर म्हणालो. "मी आपल्याला काही शिकवलेलं नाही." साहेब म्हणायचं धाडस केलं नाही. शेवटी फक्त 'अहो' उरलं. माझी बायको मला जशी हाक मारते तशीच मी त्यांना मारत आलो. ते मला 'वऱ्हाडी' म्हणत. लग्न झाल्यावर मी त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, मला पोरं झाली, केस गेले, सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तरी ते मला वऱ्हाडीच म्हणत. ते अविवाहित होते. कारण विचारल्यावर म्हणाले, "दाखवण्याचे कार्यक्रम झाले. मला स्पष्ट दिसत होतं, त्यांनाही."

मासा आला तो केरळातून.

दुकान बंद केल्यावर पुतणीने बळेच त्यांना एका यात्रा कंपनीच्या केरळ सहलीला पाठवलं. सगळे हाउसबोटीवर गेले तेव्हा हे गेले नाहीत. "पाण्यात बसून पाणी बघायला पैसे कशाला द्यायचे?" म्हणून मुक्कामाच्या घरीच थांबले. त्या घरच्या बाईंनी विहिरीतून बादली काढली आणि बादलीत एक तांबडा, बोटाच्या पेराएवढा मासा निघाला. मिशा होत्या. डोळे नव्हते. घरमालकांनी तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की हा जमिनीखाली राहतो, खडकातल्या भेगांतल्या पाण्यात. कधीतरी चुकून विहिरीत येतो. खाली अंधार, त्यामुळे डोळ्यांचं काम नाही. बाईंनी तो शांतपणे परत विहिरीत सोडला.

चष्मेवाले त्या सहलीतून हलव्याची पाकिटं न आणता परतले. ते दुसऱ्याच धुंदीत होते.

"वऱ्हाडी, काय प्राणी आहे! गरज नाही म्हटल्यावर डोळे काढूनच टाकले. मी जन्मभर लोकांना दिसावं म्हणून राबलो. दिसायला लागल्यावर त्यांनी काय केलं? मालिका बघितल्या."

"पण अहो, तो केरळात. आपल्याला काय त्याचं?"

"आपल्या विहिरीला झरे आहेत की नळ?"

विहिरीला झरे होते. ती सोसायटीच्या आधीची, शेतातली. आमचे अध्यक्ष बिबवेवाडीच्याच मूळ शेतकरी घरातले, त्यांच्या आजोबांनी ती खणलेली. शेत गेलं, बंगले आले, बंगले जाऊन इमारती आल्या, विहीर कोपऱ्यात राहिली. वापरायचं पाणी तिच्यातून टाकीत चढायचं. त्या एका विहिरीवर आमचे टँकरचे पैसे वाचायचे. याबद्दल तिचे आभार म्हणून आम्ही दर गणपतीत निर्माल्य तिच्यात टाकायचो.

चष्मेवाल्यांनी पांढरी एनॅमलची थाळी दोरीला बांधून विहिरीत सोडायला सुरुवात केली. पांढऱ्यावर तांबडं दिसतं, हा त्यांचा तर्क. संध्याकाळी कठड्याला टेकून ते थाळी हळूहळू वर ओढत आणि खाली वाकून बघत. महिने गेले. बायका कपडे काढायला गॅलरीत आल्या की त्यांना विचारत, "काय मिळालं आज?" हे वर न बघता म्हणत, "आपला आवाज."

एका संध्याकाळी ते जिना चढून माझ्या दारात आले. चार मजले, त्या वयात. दम लागलेला.

"दिसला."

"काय?"

"तांबडा. थाळीवरून सरकला आणि गेला."

"नक्की?"

तेवढ्या एका शब्दावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना कुणी तोवर 'नक्की?' विचारलेलं नव्हतं. तो प्रश्न ते इतरांना विचारत.

मग त्यांनी पुरावा धरायचं ठरवलं. पंपाचं पाणी गच्चीवरच्या टाकीत ज्या पाइपातून पडतं त्याच्या तोंडाला दुहेरी मलमलीचं कापड पिशवीसारखं बांधायचं. पंप बंद झाला की कापड सोडवून बघायचं. कापडात गाळ, पालापाचोळा, एकदा कुणाचं तरी कानातलं निघालं. ते त्यांनी नोटीस बोर्डाला टाचणीने लावलं आणि खाली लिहिलं: 'हे मासा नाही.' पुण्यात राहून दारावर कधी पाटी न लावलेल्या माणसाची ही एकुलती एक पाटी.

एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना त्यांनी घरी बोलावलं. मीही होतो. प्राध्यापकांनी चहा घेतला आणि समजावून सांगितलं की केरळात जांभा दगड, सच्छिद्र. आपल्याकडे काळा पाषाण. असा मासा इथे असणं शक्य नाही.

"आपण आमच्या विहिरीत उतरून पाहिलंत?"

"त्याची गरज नाही हो."

"म्हणजे आपण आणि मासा एकाच पंथाचे. दोघांचंही न बघता चालतं."

प्राध्यापक चहा अर्धा ठेवून गेले. चष्मेवाल्यांनी तो अर्धा चहा झाडाला घातला.

महापालिकेचा मलेरियावाला यायचा, ती तर दरवर्षीची लढाई. त्याच्या हातात पाण्याने भरलेली पिशवी, पिशवीत गप्पी मासे.

"काय आहे हे?"

"गप्पी मासे हाएत काका. डासांच्या अळ्या खात्यात. विहिरीत सोडायचे."

"काका नाही. आणि अळ्या संपल्या की काय खातात?"

"मग कायपण खात्यात की. लै चिवट असत्यात."

"तेच म्हणतो मी. आमच्याकडे आधीचे भाडेकरू आहेत, त्यांची पिल्लं खातील. अळ्या मी काढतो."

आणि खरंच काढायचे. बांबूला चहाची मोठी गाळणी बांधून, रविवारी सकाळी, विहिरीच्या कठड्यावर उकिडवे बसून. मलेरियावाला त्यांच्यासमोर बसून तंबाखू मळत बघायचा आणि जाताना मासे शेजारच्या सोसायटीत सोडायचा. आमच्या इमारतीत डेंग्यू झालाच नाही असं नाही. पण त्या विहिरीतल्या डासाने झाला असं कुणी सिद्ध करू शकलं नाही.

वार्षिक सभेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' असं एक कलम असतं. तोवर वेफर्स आलेले असतात, लोक चपला शोधत असतात. त्या कलमात चष्मेवाले दर वर्षी उठायचे आणि ठराव मांडायचे: विहिरीत निर्माल्य टाकू नये, ब्लीचिंग पावडर टाकू नये, उपसा करण्याआधी मला कळवावं. अध्यक्ष म्हणायचे, "नोंद घेतली." मी सेक्रेटरी, खरोखर नोंद घ्यायचो. पुढे काही व्हायचं नाही. लोकशाही याहून वेगळी असते असं मला वाटत नाही.

लोक हसायचे. मीही हसायचो, पण जरा आतल्या बाजूने, कारण तो माणूस मला आवडत होता. माझ्या थोरल्याला जन्मतःच तिरळेपणा होता. डॉक्टर म्हणाले, मोठा झाल्यावर बघू. चष्मेवाल्यांनी त्याला मांडीवर घेतलं, चांगल्या डोळ्यावर कागदाची चकती चिकटवली आणि रोज संध्याकाळी त्याला विहिरीवर नेऊन दुबळ्या डोळ्याने पाण्यात बघायला लावलं. "मासा दिसतो का सांग." पोरगं तासन्‌तास बघायचं. डोळा सरळ झाला. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "मला मोफत निरीक्षक मिळाला. हिशोब फिटला."

आणि मग पुनर्विकास आला.

पुण्यात माणसाला देव एक वेळ न भेटो, विकसक भेटतोच. आमच्याही विकसकाने मोठ्या खोल्या, दोन लिफ्ट, खाली आणि वर मिळून पार्किंग असं सगळं रंगीत चित्र आणून दाखवलं. चित्रात झाडं होती, गोरी मुलं होती, विहीर नव्हती. विहिरीच्या जागी गाड्या उभ्या होत्या. त्याची अट एवढीच: विहीर बुजवायचा ठराव एकमताने हवा, कुणाची कुठे तक्रार नको. एक जरी अर्ज गेला तरी तो दुसरीकडे जाणार. आधीच्या दोन विकसकांनी आम्हाला असंच वाऱ्यावर सोडलं होतं, त्यामुळे लोक टेकीला आले होते.

माझ्या घरी आई होती. तिला अमरावतीहून आणलं तेव्हाच गुडघे गेलेले. चौथा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर आम्ही दोघं तिला खुर्चीत बसवून उतरवायचो. एरवी ती गॅलरीत. खाली बायका गप्पा मारायच्या आणि ही वरून ऐकायचा प्रयत्न करायची. चित्रातली लिफ्ट बघून म्हणाली, "कधी येऊन राह्यली रे ही? मी असतानी येईन का?"

आईचे गुडघे हे माझं कारण. ते खरं आहे आणि सांगायलाही बरं दिसतं. त्याच्या मागे आणखी एक कारण उभं होतं: जादा खोली. आणि त्याच्याही मागे: या माणसाने सगळ्यांचा पुनर्विकास बुडवला, असं लोकांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणू नये. ते सगळ्यात मोठं होतं, म्हणून सगळ्यात मागे उभं होतं.

सभेच्या आधीच्या आठवड्यात चष्मेवाल्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पुतणी कर्वेनगरला राहायची, तिच्याकडे ते काही दिवस जाणार होते. जाताना कापड आणि दोरी माझ्या हातात दिली. माझं घर गच्चीच्या खाली, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे.

"पंप सुरू व्हायच्या आधी बांधायचं. बंद झाल्यावर उन्हात धरून बघायचं. घाई नको. असेल तर आहे, नसेल तर नाही. सभेत मी आपलं म्हणणं मान्य करीन."

"माझं?"

"माझ्या डोळ्यांवर लोकांचा विश्वास नाही. आता माझाही कमी झालाय. तुमच्यावर आहे."

ते गेले. मी रोज कापड बांधायचो, सोडायचो, काही नसायचं. मला हायसं वाटायचं, आणि हायसं वाटतंय याचं वाईट वाटायचं, आणि मी ऑफिसला जायचो.

मग एका सकाळी कापडाच्या चिमटीत, थोड्या पाण्यात, काहीतरी वळवळलं.

मी ते टाकीजवळच्या मगात झटकलं. करंगळीच्या पेराएवढा. डाळिंबाच्या दाण्याचा रंग, कातडी इतकी पातळ की आतलं रक्तच दिसत असावं. तोंडाशी बारीक मिशा. आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. खाच नाही, ठिपका नाही. जणू तिथे काही असायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पंपातून तो जिवंत कसा आला, मला माहीत नाही. केरळातला तो हाच का दुसरा, तेही माहीत नाही. मगावर हात धरला, सावली पडली, त्याला काही फरक पडला नाही. बोट पाण्याला लावलं मात्र, तो झर्रकन वळला.

मला आधी आनंद झाला. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणाला पटणार नाही. पोरासारखा आनंद झाला. मी खिशातून फोन काढला, कर्वेनगरला लावायला.

तेवढ्यात गच्चीच्या दारातून अध्यक्ष आले.

"काय बघताय मगात, सेक्रेटरी?"

"पाणी जरा गढूळ येतंय का, ते."

"येऊ द्या की. आता कितीक दिवस हाय ती? आमच्या आज्यानं खणली, नातू बुजवतोय. घरातलं काम घरातच." ते हसले. मग जवळ आले. "म्हाताऱ्याचं काय? सभेत काय खुसपट काढणार हाय का? तुमचं ऐकतो तो. बघा, एक माणूस अडला तर अख्खी बिल्डिंग आडवी. तुमच्या आईला मग खुर्चीतनंच न्या जन्मभर."

"नाही काढणार," मी म्हणालो. हातातला मग मी तळव्याने झाकून धरला होता.

अध्यक्ष गेले. मी खाली उतरलो. विहिरीवर कुणी नव्हतं. तो प्लास्टिकचा मग मी दोरीला बांधून पार पाण्यापर्यंत सोडला आणि तिरपा केला, अगदी हळू, त्याला धक्का बसू नये म्हणून. जिथला तिथे पोचवला. मला त्या क्षणी आपण फार दयाळू आहोत असं वाटलं. जी विहीर बुजवायला मी हात वर करणार होतो, तिच्यात मी त्याला काळजीपूर्वक सोडत होतो. मग वर येऊन कापड धुतलं, वाळत घातलं आणि फोन केला.

"अहो, आज पण काही नाही."

"बरं," ते म्हणाले. "डोळ्यावर पट्टी आहे. अंधार आहे. बरं वाटतं. तो काय सोडून बसलाय, कळतं थोडं."

सभा खाली पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, वेफर्स. एरवी दाराआडून ऐकणारी माणसंसुद्धा पुढच्या रांगेत. चष्मेवाले हॉस्पिटलने दिलेला काळा चष्मा घालून आले. ज्यांनी शहराला चष्मे लावले त्यांच्या नाकावर फुकटातला, कानाशी सैल, घसरणारा चष्मा. कुणी हसलं नाही. सगळे त्यांना घाबरून होते. एक माणूस, एक अर्ज.

अध्यक्षांनी ठराव वाचला. विहीर बुजवायला कुठली परवानगी लागते का, यावर चर्चा झाली नाही. एका गाडीला किती जागा यावर झाली.

मग चष्मेवाले उठले.

"हा विषय मी दर वर्षी आयत्या वेळी मांडत होतो. आज पहिल्या नंबरवर आहे, आनंद आहे. माझं म्हणणं एवढंच, विहिरीत प्राणी असेल तर बुजवता येणार नाही. नसेल तर माझं काही म्हणणं नाही. मी पाहिलाय असं मी म्हणतो, पण माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तेव्हा माझी साक्ष नको. मी नव्हतो तेव्हा कापड हे बघत होते." त्यांनी माझ्याकडे हात केला. "या माणसाला मी खोली दिली ती दिसत नाही ते दिसत नाही म्हणाला म्हणून. हे अंदाजाने बोलत नाहीत. वऱ्हाडी, सांगा. काही सापडलं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वर चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत आई बसली होती, खाली काय चाललंय ते ऐकू येत नसलेली.

"नाही," मी म्हणालो. "काही नव्हतं."

चष्मेवाले काळ्या काचांमधून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, यांना कळलं. नव्हतं कळलं. ते मान हलवून म्हणाले, "झालं तर मग. पुरावा नाही, तर हट्ट नाही." आणि विहीर बुजवायच्या बाजूने पहिला हात त्यांनी वर केला. त्यांच्या पाठोपाठ सगळ्यांनी. मीही. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी त्यांना वेफर्सची प्लेट नेऊन दिली. ती त्यांनी घेतली, हे मला सगळ्यात जड गेलं. त्यांनी कधी सोसायटीचं काही खाल्लेलं नव्हतं.

कापड मी त्यांना परत केलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच मलमलीचं कापड ते घडी करून घेऊन आले. "आपल्या मंडळींना द्या. चक्का टांगायला चांगलं आहे. स्वच्छ आहे, त्यात कधी काही सापडलेलं नाही." बायकोने पाडव्याला त्यात चक्का टांगला. श्रीखंड फार छान झालं. मी दोनदा मागून घेतलं.

विहिरीत राडारोडा पडायला लागला तेव्हा आम्ही सगळे सामान बांधून भाड्याच्या घरी गेलो होतो. मी एकदा बघायला गेलो. डंपर मागे मागे येत होता, त्याची ती टूंटूं वाजत होती. विटा, फरशांचे तुकडे, एक कमोडही होता. केरळातल्या माणसाने सांगितलं होतं की तो भेगांत राहतो, विहिरीत चुकून येतो. म्हणजे कदाचित अजून खाली असेल, वरती काय झालं याचा पत्ताही नसेल. ही माझी समजूत मी स्वतःला बऱ्याचदा घालतो. ज्याने त्याला परत विहिरीत सोडलं त्यालाच ती घालावी लागते, यातच तिची किंमत कळते.

नवी इमारत झाली. लिफ्ट आली. आई रोज दुपारी खाली उतरते, पार्किंगच्या कडेला खुर्ची टाकून बसते, सगळ्या बायकांची लग्नं, बाळंतपणं तिला ठाऊक झाली आहेत. ती आनंदात आहे. हे खोटं नाही, आणि त्याने माझं खोटं काही कमीही होत नाही.

चष्मेवाल्यांनी नवा फ्लॅट घेतला नाही. विकून टाकला आणि कर्वेनगरला पुतणीकडे कायमचे गेले. पुतणी कॉलेजच्या मुलांना खोल्या भाड्याने देते. परवा मी तिथे गेलो होतो. चष्मेवाले व्हरांड्यात बसले होते आणि समोर दोन मुलं आणि एक मुलगी, भाडेकरू, चहा पीत होती. हे त्यांना आपली गोष्ट रंगवून सांगत होते.

"तर इतकी वर्षं मी थाळी सोडत बसलो. लोक म्हणायचे, म्हातारा खुळावला. बरोबर म्हणायचे. मोतीबिंदूत असं होतं: उजेड फाटतो, रंग बिघडतात, काळ्याचं तांबडं दिसतं. जन्मभर हे मी गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि स्वतःच्या डोळ्यातला डाग विहिरीत मासा म्हणून शोधत बसलो!"

"सो क्यूट, आजोबा!" मुलगी म्हणाली.

मी वाट बघत होतो, आता हे म्हणतील, मी आपला आजोबा नाही. म्हणाले नाहीत. हसले. हे हसणं मी पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, लोकांना आवडावं म्हणून केलेलं हसणं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"या! हेच ते वऱ्हाडी. यांनी मला त्या खुळातून सोडवलं. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून हे खोटं बोलले असते ना, 'हो, सापडला' म्हणाले असते, तर मी आजही गाळणी घेऊन बसलो असतो." आणि मग, मुलांसमोर, हात जोडून: "तेव्हा राहून गेलं. आपले आभार मानतो."

या माणसाने आयुष्यात कुणाचे आभार मानल्याचं मला माहीत नाही.

मुलं माझ्याकडे कौतुकाने बघत होती. पुतणी आतून म्हणाली, "तुमच्यासाठी आलं घालू ना चहात?"

"अहो, आभार कसले," मी म्हणालो. चहा घेतला. त्यांचा तो किस्सा पुन्हा एकदा ऐकला, हसायच्या जागी हसलो. निघताना ते फाटकापर्यंत आले आणि माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाले, "नंबर वाढलाय. तपासून घ्या. कुणाकडेही घ्या, माझ्या मताला अर्थ नाही आता."

हे सगळं मी आता लिहिलं. लिहिल्याने सांगितल्यासारखं वाटतं, तेवढंच. ते मासिकं वाचत नाहीत. छापलेलं वाचायचं ते तक्त्यावरचं, असं त्यांचं मत आहे. आणि समजा कुणी वाचून दाखवलंच, तरी नाव नसलेल्या माणसाबद्दल नाव न सांगणाऱ्या माणसाने लिहिलेलं ते कशाला अंगाला लावून घेतील?

मी त्यांचं एवढं देणं लागतो: कर्वेनगरच्या त्या व्हरांड्यात जाऊन, पुतणीसमोर आणि त्या मुलांसमोर उभं राहून म्हणायचं, "अहो, मासा होता. तुमच्या डोळ्यांना बरोबर दिसलं होतं. मी खोटं बोललो." अजून गेलेलो नाही.